आलं आधी, दूध मागून

समोरच्या फ्लॅटमधली मुलगी एमपीएससीची तयारी करते आहे. परवा संध्याकाळी हातात मोबाइल घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "काकू, मेंदूसाठी चांगला असतो तो चहाचा मसाला तुम्हाला येतो का हो? रात्री अकरानंतर पुस्तक नुसतं उघडं असतं, डोक्यात एक ओळ शिरत नाही." मोबाइलवर कुणीतरी पाठवलेली यादी होती. दालचिनी, मिरी, हळद, ब्राह्मी, अश्वगंधा, ज्येष्ठमध, जायफळ. सगळं आणायचं, कुटायचं, बरणीत भरायचं आणि दिवसातून तीनदा चहात घालायचं.

मी तिला आत घेतलं. आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसून आल्याची माती धुऊन पुसत होती. मुलगी यादी वाचून दाखवत होती आणि माझी नजर आपसूक आईच्या हातांकडे गेली. चहा आणि मेंदू यांची गाठ आमच्या घरात दोन वर्षांपूर्वी पडली. ती पडली नासलेल्या दुधाच्या पातेल्यात.

आई गुहागरकडची. लग्नानंतरची पन्नास वर्षं तिनं तिथल्याच घरात काढली आणि बाबा गेल्यावर ती पुण्याला माझ्याकडे आली. तिकडे मागीलदारी मोरीच्या पाण्यावर पोसलेला गवती चहाचा भलामोठा ठोंब होता, पोफळींच्या सावलीत जायफळाची दोन झाडं होती, विहिरीजवळ दालचिनी होती. चहासाठी बाजारातून यायची ती फक्त पूड, साखर आणि वेलदोडे. बाकी सगळं हात लांबवला की मिळे.

तिच्या चहाला ठरलेला क्रम असे. आधी पाणी, त्यात दालचिनीचा नखाएवढा तुकडा. पाणी कढत झालं की गवती चहाच्या दोन पात्या, गाठ मारून. मग आलं. किसणीला ती हात लावत नसे. पाट्याच्या कडेवर आल्याचा तुकडा ठेवून वरवंट्याचा एक ठोका, झालं. हे आलं पाण्यात दोन-तीन मिनिटं चांगलं उकळायचं. मग साखर, मग पूड, पूड फुलून वर आली की दूध. वेलदोडा सगळ्यांच्या शेवटी, उतरवताना, आणि वर झाकण. आम्ही मुलं घाई करायला लागलो की ती म्हणे, "आलं आधी, दूध मागून." मला पुष्कळ वर्षं ती म्हणच वाटायची.

त्या क्रमामागे किती जाण होती ते मला उशिरा कळलं. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. ते गरम दुधात पडलं की दूध फाटतं. उकळत्या पाण्यात ते लवकरच निकामी होतं, त्यानंतर दूध खुशाल घालावं. चीनच्या ग्वांगडाँग भागात याच गुणाचा उपयोग करून आल्याच्या रसावर गरम दूध ओततात, ते दह्यासारखं थिजतं आणि लोक ते गोड म्हणून आवडीनं खातात. वेलदोड्याचं उलट. त्याचा वास उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. पाच मिनिटं उकळला तर सगळं स्वयंपाकघर घमघमतं आणि कपात काही उरत नाही. दालचिनी म्हणजे साल, तिला पाण्यात उतरायला वेळ लागतो, म्हणून ती पहिली. आईनं हे कुठं वाचलं नव्हतं. तिच्या सासूच्या हाताखाली ती शिकली आणि तिचे हात ते कधी चुकले नाहीत.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात एका सकाळी दूध फाटलं. आम्ही दूधवाल्याला बोल लावला. पुढच्या आठवड्यात पुन्हा फाटलं. तिसऱ्यांदा मी तिच्या मागे गप उभी राहिले. पातेल्यात दूध तापत होतं आणि त्यात आलं किसून घातलेलं होतं. किसून! आईच्या एका हातात साखरेचा डबा होता, दुसऱ्या हातात गाळणी, आणि ती पातेल्याकडे बघत थांबली होती. पुढं काय करायचं, हे ती जणू त्या पातेल्यालाच विचारत होती.

त्याच्याही आधी वर्षभर ती म्हणत होती, "हल्लीच्या वेलदोड्याला वासच नाही." मी दुकान बदललं. केरळात इडुक्कीला गेलेल्या मैत्रिणीकडून टपोरे, हिरवेगार वेलदोडे मागवले. आईनं ते नाकाशी धरले आणि परत तेच म्हणाली. पुढं डॉक्टरांनी सगळी हकीकत ऐकली, तेव्हा ते या वेलदोड्यांपाशी थांबले आणि दोन-तीन प्रश्न त्यांनी त्याबद्दलच विचारले. अल्झायमरच्या आजारात वास ओळखणाऱ्या मेंदूच्या भागांना फार लवकर धक्का बसू शकतो. पुष्कळदा माणसांची नावं जायच्या आधी वास गेलेले असतात. वाचणाऱ्यानं लगेच घाबरू नये. वास कमी येण्याला वय, जुनी सर्दी, करोना अशी कितीतरी कारणं असतात. विसरभोळेपणालाही असतात, म्हणून तर डॉक्टरांनी आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घेतलं. तिथं उणं निघालं तर औषधानं माणूस पुष्कळ सावरतो. आईच्या तपासण्यांत ते उणं निघालं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

निदान झाल्यावर पहिले तीन महिने मी त्या मुलीसारखीच होते. जो जे सांगेल ते चहात पडत होतं. हळद घातली, मिरी घातली, ब्राह्मीची पूड घातली. चहाचा रंग बदलला, चव गेली, आई कप अर्धा ठेवून उठायला लागली. साखर बंद करायची म्हणून गोडीला ज्येष्ठमधाची कांडी रोज उकळत होते. आईला रक्तदाबाची गोळी आहे. महिनाभरात तिचा रक्तदाब चढा लागायला लागला. डॉक्टरांनी गोळ्यांच्या आधी विचारलं, "घरचं काय काय देता?" मी ज्येष्ठमध म्हणताच त्यांनी ते त्याच दिवशी बंद करायला सांगितलं. ज्येष्ठमधातल्या गोड द्रव्यामुळे शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब वाढतो. घसा धरला म्हणून एखाद्या दिवशी कांडी चघळली तर ठीक. रक्तदाब असलेल्या माणसानं ती रोज उकळून पिणं धोक्याचं. आपल्याकडे घरचं ते निर्धास्त अशी पक्की समजूत आहे. माझीही होती. आईच्या बाबतीत ती मला महागात पडता पडता राहिली, म्हणून मुलीच्या यादीतलं ज्येष्ठमध मी सगळ्यांत आधी खोडलं.

मग तिला म्हटलं, आता चहाचं नीट ऐक, कारण चहात खरंच काहीतरी आहे.

जागेपणी मेंदू काम करतो तसतसं त्यात ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते पेशींवरच्या आपल्या जागी जाऊन बसलं की सुस्ती येते. कॅफिनची घडण त्याच्यासारखीच, त्यामुळे ते त्या जागा अडवून बसतं. थकवा असतो तिथंच असतो, त्याचा निरोप तेवढा काही वेळ पोचत नाही. चहाच्या कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं, कॉफीच्या कपात त्याच्या दुपटीच्या आसपास. चहात आणखी एक द्रव्य असतं, थिॲनिन. जपानी संशोधकांनी ते १९४९ मध्ये हिरव्या चहात शोधून काढलं. कॅफिन आणि थिॲनिन एकत्र दिल्यावर लोकांचं लक्ष थोडं जास्त टिकतं आणि एका कामावरून दुसऱ्या कामावर ते अधिक सहज वळतं, असं काही छोट्या प्रयोगांत दिसलं आहे. पण त्या प्रयोगांत थिॲनिन बहुधा १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त दिलेलं असतं, आणि आपल्या कपात ते ५ ते २५ च्या आसपास असतं. कपभर चहानं येणारी तरतरी खरी आहे. ती लहान आहे आणि तास-दोन तासांची आहे. मला ती तेवढीच पुरते, आणि तेवढ्याबद्दल मी चहाची मनापासून ऋणी आहे.

मसाल्यांबद्दल इतक्या खात्रीनं बोलता येत नाही. आल्यानं मळमळ कमी होते, याला चांगला आधार आहे. ब्राह्मीवर माणसांमध्ये अभ्यास झाले आहेत, पण ते मोजूनमापून दिलेल्या अर्काचे आहेत, अनेकदा बारा-बारा आठवड्यांचे. चहात उकळलेल्या चिमूटभर पुडीला ते लावता येत नाहीत. जायफळ वाचून तर मला आश्चर्यच वाटलं. आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या जायफळ उगाळतात ते झोप लागावी म्हणून, आणि यादीत ते रात्र जागवायला घेतलं होतं! शिवाय श्रीखंडात, पुरणात पडतं त्या बेताचं जायफळ वेगळं. चमचा-चमचा खाल्लं तर ते चक्क विषासारखं बाधतं.

दालचिनीचंही बघून घ्यावं. बाजारात जाड, कडक, एका पदराची साल मिळते, तिच्यात कूमरिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते फार पोटात गेलं तर यकृताला बरं नाही. पातळ, पदरावर पदर गुंडाळलेली, बोटांत सहज चुरणारी जी साल असते तिच्यात ते नगण्य. कोकणात लावतात ती दुसरीच. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 'कोकण तेज' नावाची तिची जातही काढली आहे. गुहागरच्या विहिरीजवळचं झाड या पदरांच्या दालचिनीचंच होतं. तिथून अजून शेजारी वर्षातून एकदा पुडकं पाठवतात.

चहातला मसाला मेंदूला एका बाबतीत मात्र खरी मदत करतो, असं माझं मत झालं आहे. आलं, वेलदोडा, गवती चहा नीट उतरला की साखर कमी चालते. आईच्या हातचा जुना चहा कपाला दोन चमचे साखरेचा होता. दिवसाला चार कप म्हणजे आठ चमचे, नुसत्या चहातून ३५ ते ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार दिवसभराची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'च्या आयोगानं स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं मांडली आणि ती आवरली तर जवळपास ४५ टक्के रुग्णांचा आजार टाळता किंवा लांबवता येईल, असं म्हटलं. त्यात मधुमेह आहे, रक्तदाब आहे, ऐकू कमी येणं आहे, नजर मंद होणं आहे, बैठं आयुष्य आहे, एकटेपणा आहे. आमच्या कपाला आता अर्धा चमचा साखर असते. एकदम तोडली नाही. दर पंधरा दिवसांनी चमच्याचं टोक थोडं खाली आणत गेलो.

मुलीला मी विचारलं, "तू चहा कधी कधी पितेस?" सकाळी पोळीबरोबर, दुपारी डब्याबरोबर, संध्याकाळी अभ्यासिकेखालच्या टपरीवर, आणि रात्री दहाला. डब्यात पालेभाजी असते, उसळ असते. पण चहातली तुरट द्रव्यं पालेभाजीतल्या, कडधान्यातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलं की थकवा येतो, वाचलेलं टिकत नाही, आणि मुली त्यावर उपाय म्हणून आणखी एक चहा पितात. "जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेव, जेवताना लिंबू पिळून घे आणि एकदा हिमोग्लोबिन तपास," एवढं तिला सांगितलं. माझ्या मते त्या सगळ्या यादीपेक्षा ती एक तपासणी तिच्या अभ्यासाला जास्त उपयोगी पडेल.

रात्री दहाच्या चहावर मात्र तिच्याशी जरा वाद झाला. अंगात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, कुणाला कमी, कुणाला जास्त. दहाच्या कपातलं अर्धं पहाटे तीनला अजून रक्तात असतं. दिवसा वाचलेलं मेंदू रात्री झोपेत पक्कं करतो. "मग झोपू कधी आणि वाचू कधी, काकू? परीक्षा पुढच्या महिन्यात आहे," ती म्हणाली. तिचं दुःख खरं आहे. पदं थोडी, मुलं लाखो, गावाकडून येणारे पैसे मोजके, आणि वाट पाहण्यात जाणारी वयाची वर्षं. त्यावर माझ्याकडे मसाला नाही. मी एवढंच म्हटलं, "चारला इकडे ये. शेवटचा चहा आमच्याबरोबर घे आणि अकराला झोप. आठ दिवस करून बघ."

चारचा चहा आम्ही दोघी मिळून करतो. गॅस आणि क्रम माझ्याकडे, हात आईचे. डॉक्टरांनीच सुचवलं होतं. माणसांची नावं, कालचं जेवण, आजचा वार ही आठवण मेंदूत एका वाटेनं साठते. ठेचणं, गाठ मारणं, विणणं ही हातांची आठवण दुसऱ्या वाटेनं, आणि ती पुष्कळ दिवस तग धरते. आता पाटा-वरवंटा नाही, पितळी खलबत्ता आहे. मी आल्याचा अर्धा इंच तुकडा खलात टाकते आणि बत्ता तिच्या हाताशी ठेवते. काही सांगावं लागत नाही. पहिला ठोका हलका, आलं घसरू नये म्हणून, आणि दुसरा जोराचा. डावा हात खलाच्या तोंडावर आडवा, थेंब उडू नयेत म्हणून. तो हात कुणी शिकवून येत नाही, वर्षांनी येतो. तिघी असलो तर दोन कप पाणी, पुडीचे अडीच चमचे, दुधाचा एक कप. दोन वेलदोडे ती सालीसकट चेपते. "आता दूध?" ती विचारते. मी म्हणते, "आधी काय, आई?" कधी ती सांगते. कधी नाही सांगत, मग मी सांगते आणि ती मान हलवते, जणू मला परीक्षेत पास केलं.

या चहानं तिचा आजार थांबलेला नाही. मागच्या महिन्यात ती दोनदा मला माझ्या मावशीच्या नावानं हाक मारत होती. पण चार ते साडेचार ती कुठं हरवत नाही. बत्ता हातात असतो, समोर कुणीतरी कप घेऊन बसलेलं असतं, आणि बशीत ओतून फुंकर मारायची तिची जुनी सवय तशीच आहे.

काल मुलगी चारला आली. मी तिला गॅलरीतल्या कुंडीतून गवती चहाच्या दोन पात्या काढायला पाठवलं. तो ठोंब गुहागरच्याच ठोंबाचा फुटवा आहे, पुण्याच्या उन्हात जरा बारीक झालेला. तिनं पात टोकाला धरली, बोटं सरसर खाली आणली आणि बोट चिरलं. गवती चहाच्या कडा करवतीसारख्या असतात, तिला माहीत नव्हतं. तिचा आवाज ऐकून आई उठली, भिंतीला हात लावत लावत गॅलरीत गेली. तिनं एक पात बुडाशी खुडली, तिथून टोकाकडे सरळ हात फिरवला, धूळ पुसली आणि म्हणाली, "असा. उलटा फिरवलास की चिरतं." मग दुसरी पात घेऊन दोन्हींची मिळून गाठ मारली, मुलीच्या हातात दिली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"तू कुणाची गं?"

"समोरच्यांची, आजी."

"हां," आई म्हणाली. "पाणी ठेव मग."